कडेगावातले घर कोणाची वाट पाहत बसलेले नाही

कडेगाव तालुक्यातली निवृत्त जोडप्यांची घरे साधारण तीन तऱ्हेची आहेत. पहिल्यात शाळेतून किंवा सरकारी कचेरीतून 58व्या वर्षी बाहेर पडलेला पेन्शनर असतो. दुसऱ्यात वांगीच्या सोनहिरा कारखान्यासारख्या ठिकाणी उमेदीची वर्षे घालवून घरी आलेला कामगार असतो. तिसऱ्यात गलाईतून परतलेला माणूस असतो, आणि या भागाची खरी खूण हीच. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांनी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडूपासून बंगाल, पंजाबपर्यंत दुकाने टाकली. बाप साठीच्या आसपास गावी येतो, मुलगा तिकडची भट्टी सांभाळतो. तिन्ही घरांत दोनच माणसे उरतात, आणि तिन्ही घरांत थोडीफार शेती असते.

या घरांविषयी एक मत इतके पक्के झाले आहे की ते तपासायची गरज कोणाला वाटत नाही. सुट्टीला आलेली मुले ते बोलतात, जावई बोलतात, परगावचे पाहुणे बोलतात. मत असे: निवृत्त माणसाला आता काम उरलेले नाही. दोघांचा दिवस जाता जात नाही. वर्षभर ती दारात नजर लावून बसलेली असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नातवंडे आली की आठ दिवस घराला घरपण येते, आणि ती गेली की घर खायला उठते. म्हणून शहाण्या मुलांनी आईबापांना आपल्याकडे न्यावे. बोलणाऱ्याचा हेतू मायेचा असतो यात शंका नाही. पण मत चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्यांची कणव केली जाते त्यांनाच मोजावी लागते.

काम उरलेले नाही, हे पहिले विधान. डिसेंबरात कडेगावच्या शिवारात काय चालते हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते करताच येणार नाही. कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. आडसाली ऊस पक्व होऊन उभा असतो आणि तोड कधी येईल याचा नेम नसतो. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला गाठायचे, टोळीच्या मुकादमाला धरून ठेवायचे, खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याची एंट्री यांचे पैसे हाताशी ठेवायचे, तोड आली की दिवसभर बांधावर थांबायचे, वाढे गोळा करून वैरणीला लावायचे. ऊस गेला की खोडव्याची पाचट आणि पाणी. पेरल्यापासून साधारण 21 दिवसांनी गव्हाला पहिले पाणी लागते. ते चुकले तर फुटवा कमी होतो. कऱ्हाडजवळ टेंभूला उचललेले कृष्णेचे पाणी, किंवा ताकारीचे, आवर्तनाने येते, आणि आवर्तन कोणाच्या सोयीने येत नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की पासष्टीचा माणूस कानटोपी घालून, बॅटरी घेऊन, हाडे गोठवणाऱ्या थंडीत बाऱ्या मोडायला जातो. रब्बीची ई-पीक पाहणी याच दिवसांत उरकावी लागते, आणि ती शेतात उभे राहून फोटो काढल्याशिवाय होत नाही. सातबारा अनेकदा मुलांच्या नावावर गेलेला असतो, पाहणी मात्र बापाच्या फोनवरून होते. या माणसाला काम नाही, असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? पगार थांबला एवढाच त्याचा अर्थ असेल, तर तसेच म्हणावे.

बाईच्या बाबतीत तर पगार थांबण्याचाही प्रश्न नाही. घरकामाला 58वे वर्ष नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की देशात बिनमोबदला घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात 81 आहेत, पुरुष 26. हात लावणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात आणि पुरुषांची 97. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. हे आकडे सर्व वयांचे आहेत, पण नवरा निवृत्त झाला म्हणून कडेगावातल्या घरात ते उलटत नाहीत. उलट दिवसभर घरी असणारा एक माणूस वाढतो, त्याचा चहा वाढतो, त्याला भेटायला येणारे वाढतात. म्हणून ‘निवृत्त जोडपे’ या शब्दांत निम्मीच माहिती आहे. एक जण निवृत्त झालेला असतो. दुसरी सकाळी म्हशीची धार काढून, डेअरीत दूध घालून, चूल किंवा गॅस पेटवून नेहमीसारखी कामाला लागलेली असते.

दुसरे विधान वाट पाहण्याचे. त्यात आणखी एक गृहीत दडलेले आहे, की नाताळची सुट्टी हा या घराचाही सुट्टीचा काळ आहे. तो कधीच नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेला 25 डिसेंबरची एक दिवसाची सुट्टी असते. इथली मोठी सुट्टी दिवाळीची आणि उन्हाळ्याची. डिसेंबरअखेरची आठ-दहा दिवसांची सुट्टी बाहेरून आली. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांनी ती आणली हे खरे, पण कडेगावात ती त्याहून जास्त गलाईवाल्यांच्या मुलांनी आणली. केरळात शाळांना ओणमची, नाताळची आणि उन्हाळ्याची अशा तीन सुट्ट्या असतात, तमिळनाडूत अर्धवार्षिक परीक्षेनंतर नाताळाची सुट्टी लागते. तिकडे शिकणारी नातवंडे तेव्हाच मोकळी होतात, म्हणून तेव्हाच गावी येतात.

आणि हाच काळ घराच्या स्वतःच्या पंचांगात गच्च भरलेला असतो. मार्गशीर्षातले गुरुवार, त्यांचे महालक्ष्मीचे घट, उपास आणि शेवटच्या गुरुवारच्या सवाष्णी. दत्तजयंतीआधीचे गुरुचरित्राचे पारायण, जमले तर कृष्णाकाठच्या औदुंबरची वारी. तुळशीची लग्ने लागली की सुरू झालेली लग्नसराई. ही लग्ने जोडपे हौसेपुरती करत नाही. कोइमतूरला किंवा त्रिशूरला असलेल्या मुलाचा आहेर भावकीत कोण पोचवते? त्याच्या मित्राच्या बापाच्या रक्षाविसर्जनाला, दहाव्याला कोण जाते? विकास सोसायटीचे कर्ज, नगरपंचायतीची घरपट्टी, बांधाच्या कुरबुरी, देवाच्या वर्गणीत घराचे नाव, हे सगळे दोघेच निभावतात. गावात मुलाची जी पत आहे ती तो वर्षातून दोनदा येतो म्हणून टिकलेली नाही. आईबाप रोज तिला खतपाणी घालतात म्हणून टिकली आहे. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतून माणसे गावाकडे निघाली, तेव्हा त्यांना दार उघडे मिळाले, चूल पेटलेली मिळाली, कणग्या भरलेल्या मिळाल्या. त्या घराला रिकामे घर म्हणणाऱ्यांनी एवढे तरी आठवायला हवे.

जोडपे वाट पाहत नाही असे नाही. ते चिटबॉयची पाहते, पाण्याच्या आवर्तनाची पाहते, पेन्शनर असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिल्यावर डिसेंबरची पेन्शन जमा झाल्याच्या मेसेजची पाहते. मुलांचीही पाहते. पण माणूस कोणाची वाट पाहतो म्हणून त्याचे बाकीचे आयुष्य पुसले जात नाही. मुलगा कोइमतूरच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहतो, तेव्हा त्याचे जगणे रिकामे आहे असे कोणी म्हणत नाही.

तिसरे विधान सर्वांत अन्यायाचे: आम्ही आलो की त्यांना तेवढाच विसावा. पाहुण्यांचा आठवडा प्रत्यक्षात कसा उभा राहतो ते पाहावे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच वाकळा बाहेर निघतात. एक वाकळ भिजली की एकट्याला उचलत नाही. ती विहिरीवर किंवा कालव्यावर न्यायची, आपटायची, दोघांनी दोन टोके धरून पिळायची, गंजीवर किंवा गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकायची. आठ माणसांना आठ वाकळा आणि वर चादरी. मग न्हाणीतला बंब घासायचा आणि त्याच्यासाठी जळण साठवायचे, तुराट्या, चिपाडे, भुईमुगाची टरफले. शहरात बटण दाबून गरम पाणी घेणाऱ्या आठ माणसांच्या आंघोळी बंबावर व्हायच्या तर पहाटे साडेचारला पेटवण लागते, आणि नऊपर्यंत कोणीतरी बंबापाशी उकिडवे बसून जाळ सारत राहावे लागते. खरिपातल्या शेंगा फोडून दाणे काढलेले असतात, कारण चटणी इथली आणि बांधून न्यायचा दाण्याचा डबाही इथला. तीळ निवडलेले असतात, बाजरी दळून आणलेली असते.

मग पाहुणे येतात आणि त्यांना चुलीवरची भाकरी हवी असते. घरात गॅस आहे. तो घ्यावा म्हणून याच मुलांनी आग्रह केला होता, धुराने आईचे डोळे जातात म्हणून. तरी सुट्टीत चूल पेटते, कारण भाकरीला तीच चव पाहिजे. एका वेळी पंधरा-वीस भाकऱ्या म्हणजे साठी ओलांडलेल्या बाईने दीड-दोन तास पाटावर गुडघे मोडून, धुरात तोंड फिरवत, पीठ मळत, थापत, शेकत बसायचे. पाठोपाठ वांग्याचे भरीत, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, हुलग्याचे माडगे, कारण तिकडे मिळत नाही. सून आग्रहाने म्हणते, ‘आत्या, मी करते, तुम्ही बसा’, पण तिला चुलीवर भाकरी जमत नाही हे दोघींना माहीत असते, आणि मुलाला तर कोणी विचारतही नाही. विसावा नेमका कोणाला मिळाला? ज्यांनी वर्षभर दुकान सांभाळले त्यांना मिळाला, आणि तो त्यांना मिळायला हवाच. पण त्याला आईचा विसावा म्हणणे ही वस्तुस्थिती उलटी टांगणे आहे.

हुरड्याचेही तसेच. डिसेंबरअखेर शाळू चिकात येतो. हुरड्यासाठी त्याचा एक पट्टा राखून ठेवायचा, पाखरांपासून सकाळ-संध्याकाळ राखायचा, शेणी वाळवून ठेवायच्या, आगटी खणायची, कणसे भाजून गरम गरम हातावर चोळून पाखडायची. चोळणाऱ्याच्या तळव्यांची आग रात्रीपर्यंत जात नाही. फोटोत दिसतात ती हुरडा खाणारी माणसे. बहुतेक फोटो काढताना चोळणारा माणूस आगटीजवळ वाकलेला असतो. हे सारे म्हातारा-म्हातारी आनंदाने करतात, असे उत्तर येते. आनंदाने करतात हे खरे. आनंदाने केलेले काम हे कामच असते. ते मोजू नये याला आनंद हे कारण होऊ शकत नाही.

चौथ्या विधानाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, आणि खरे तर तेच मुळाशी आहे: दोघेच घरात असले की त्यांच्याजवळ बोलायला काही नसते, एकमेकांचे तोंड बघत बसतात. हे मत धरणारे या पट्ट्यातल्या संसारांचा इतिहास विसरले आहेत. गलाईच्या पहिल्या पिढ्यांतले पुष्कळ पुरुष एकटे गेले. दुकानामागच्या खोलीत राहिले, भट्टीच्या धगीत आणि तेजाबाच्या वाफेत दिवस काढले, आणि सणाला, लग्नाला, यात्रेला महिनाभर गावी आले. बायको इथे सासूसासऱ्यांचे करत, पोरे वाढवत, कोरडवाहू रान कसत राहिली. मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीत गेलेल्यांचे, पलटणीत गेलेल्यांचे तसेच झाले. लग्नाला चाळीस वर्षे झाली असतील, पण त्यातली सलग एका छपराखाली किती? ज्यांनी बायकामुलांना बरोबर नेले त्यांच्याही घरात दहा बाय बाराची खोली, कामाला ठेवलेली पोरे आणि गावाकडचे येणारेजाणारे होते. दोघांना दोघांचे असे घर साठीनंतर प्रथमच मिळाले.

म्हणून हे दिवस संसाराची राख नसून या जोडप्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत संसाराचा खरा आरंभ आहेत. पहाटे दोघांचा चहा होतो. तिला बिनसाखरेचा लागतो हे त्याला आता कळलेले असते, आणि पाच वाजता त्याला झोप लागत नाही, कारण भट्टी पाचलाच पेटायची, हे तिला. तो तिला केरळातल्या पावसाचे सांगतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांत आपली आई होती, हे ती त्याला सांगते. दुपारी ओसरीत शेंगांचा ढीग मध्ये घेऊन दोघे बसतात आणि बोटे चालू ठेवून गावातल्या एकेका घराचा हिशोब घेतात. भांडणेही होतात, बहुधा त्याने धान्याच्या कोठीत हात घातला म्हणून किंवा तिने त्याला न विचारता कोणाला उसने दिले म्हणून. दीर्घकाळ एकट्याने घर चालवलेली बाई आपला कारभार सहज सोडत नाही, आणि सोडावा असेही काही नाही. 65 वर्षे पूर्ण झाली की एसटीत अर्धे तिकीट, 75 नंतर 2022 पासून मोफत. बायकांना तर 17 मार्च 2023 पासून सरसकट अर्धे. त्याच्या जोरावर दोघे विट्याच्या बाजाराला, कऱ्हाडला डोळे तपासायला, लेकीच्या गावाला जाऊन येतात. ज्यांनी आयुष्यभर एकत्र प्रवास फक्त लग्नांपुरता केला, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. नाताळच्या आठ दिवसांत हेच पहिल्यांदा थांबते: पहाटेचा तो चहा. न्हाणीपाशी रांग लागलेली असते आणि एक जण बंबाशी, दुसरी चुलीशी.

पाचवे विधान उपाय सांगते: त्यांना शहरात न्या. याच्या बाजूचे एकच कारण वजनदार आहे, ते आजारपणाचे. हृदयाचा, मेंदूचा तातडीचा आजार झाला तर कडेगावातून कऱ्हाड, सांगली किंवा मिरज गाठावी लागते, आणि रात्री ते अंतर फार असते. हे नाकारता येत नाही. पण त्याला उत्तर 108 ची गाडी वेळेवर येणे, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मुक्कामी असणे, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळणे हे आहे. रस्ता खराब आहे म्हणून गाव उठवत नाहीत. ज्या मुलांना आईबापांची खरी काळजी आहे त्यांनी हे मागावे, आणि त्यांचा आवाज गावात ऐकला जातो.

बाकी कारणे टिकत नाहीत. कोइमतूरच्या तिसऱ्या मजल्यावर ती दोघे काय करतील? गलाईतून आलेल्या बापाला तमिळ येते, तो निदान दूधवाल्याशी बोलेल. ती कोणाशी बोलेल? मुलगा-सून दुकानात आणि नातवंडे शाळेत गेल्यावर दुपारी बारा ते चार ती ज्या घरात बसेल, ते घर मात्र खरोखर रिकामे असेल. आणि तिथेही तिला स्वयंपाक चुकणार नाही. फरक एवढाच की इथे कोठीची किल्ली तिच्या कमरेला आहे, म्हैस तिची, दुधाचे पैसे तिच्या खात्यावर, गुरुवारच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे हे ती ठरवते. तिथे ती पाहुणी होईल, किंवा बिनपगारी मोलकरीण. तिचा मान, तिचा कारभार, तिची माणसे काढून घ्यायची आणि त्याला सांभाळ म्हणायचे, हे कोणत्या मायेत बसते? 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. आईबापांना आपल्या छपराखाली हलवा, असे तो कुठेही सांगत नाही.

उरते ते सुट्टी संपल्यानंतरचे घर, जे खायला उठते असे म्हणतात. जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गाड्या परत जातात, कारण तिकडच्या शाळा उघडतात. पोटात कालवते, आईबापांच्या पोटात कालवणारच. पण घराला खायला उठायला सवड मिळत नाही. आठ वाकळा पुन्हा धुवायच्या असतात. पाहुण्यांच्या गडबडीत राहिलेली गव्हाची पाळी द्यायची असते. जानेवारीच्या मध्यावर भोगी असते, बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सुगडी, वाण, आणि वर्षभर ज्यांच्या हळदीकुंकवाला गेली त्या सगळ्यांचे परतफेडीचे बोलावणे. हरभऱ्याला घाटे भरत असतात. कारखान्याचे पहिले बिल यायचे असते. आणि पहाटेचा दोघांचा चहा पुन्हा सुरू झालेला असतो.

तेव्हा मुलांनी यावे, दरवर्षी यावे, आणि आपण ओस घर भरायला निघालो आहोत हा समज सोडून यावे. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, म्हणजे नाताळची तिकिटे ऑक्टोबरच्या शेवटी काढली जातात. ती काढण्याआधी कडेगावला फोन करून विचारायला हवे: शेवटचा गुरुवार कधी आहे, दत्तजयंती कधी, तोडीचा अंदाज काय, पाण्याचे आवर्तन कोणत्या आठवड्यात, त्या दिवसांत कोणाकोणाची लग्ने. आज हा फोन येतो तो तिकीट काढून झाल्यावर, तारीख कळवण्यासाठी. चालत्या घराच्या कारभाऱ्यांना विचारून दिवस ठरवावेत, आठातला एक दिवस मुलाने स्वतः रात्रपाळीचे पाणी धरावे, बंबापाशी बसावे, भाकरी गॅसवर भाजलेली गोड मानून घ्यावी आणि आपल्या वाकळा आपण धुऊन जावे. एवढे झाल्याशिवाय त्या घराला विसावा दिल्याचा दावा कोणीही करू नये.